कॅमेलिऑनने खाणं सोडलंय? किडे बदलण्याआधी हे तपासा

थंडी पडून घराघरांतली फर्नेस (घर तापवणारी भट्टी) सुरू झाली, की पंधरा दिवसांच्या आत पहिला फोन येतो. "दादा, आमचा हिरवा खातच नाहीये. रातकिडा नाकासमोरून चालत जातो आणि हा नुसता बघत बसतो." शिकागोच्या आसपास ज्या मराठी घरांत मुलांच्या हट्टापायी कॅमेलिऑन आला आहे, त्यातल्या कितीतरी घरी मी या एकाच तक्रारीसाठी जाऊन आलोय. माझ्याकडे २०१४ पासून व्हेल्ड कॅमेलिऑन आहेत, आतापर्यंत पाच झाले. मी प्राण्यांचा डॉक्टर नाही. पण हा बिघाड इतक्या वेळा पाहिलाय, की एक गोष्ट खात्रीने सांगतो. बहुतेक वेळा दोष किड्यांत नसतो. तो पाण्यात, उष्णतेत, उजेडात किंवा पिंजऱ्याच्या जागेत असतो. आणि घरचे लोक मात्र आठवडाभर या डबीतला किडा, त्या डबीतला किडा करत बसतात.

खालचे सगळे आकडे व्हेल्ड जातीचे आहेत. डोक्यावर उंच तुरा असलेला, मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला हा सरडा. मादागास्करचा पँथर किंवा डोंगरातला जॅक्सन जातीचा कॅमेलिऑन तुमच्याकडे असेल, तर तपासण्याचा क्रम हाच ठेवा, पण तापमान आणि ओलावा त्या त्या जातीप्रमाणे बघा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं. आपल्या रानात, शेताच्या बांधावर दिसणारा घोयरा, म्हणजे भारतातला कॅमेलिऑन, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो घरी आणायचा नाही, पाळायचा नाही. "सापडलाय, पण काही खात नाही, काय देऊ?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर एकच असतं: काही देऊ नका, जिथे सापडला त्याच झाडावर सोडा. जखमी असेल तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

आधी लक्षणं नीट बघा

"खात नाही" असं सांगणाऱ्या दोन घरांत अगदी वेगळा प्रकार चाललेला असतो. म्हणून मी गेलो की आधी एक किडा समोर ठेवतो, चार पावलं मागे सरकतो आणि दहा मिनिटं गप्प बसतो.

काही जण किड्याकडे एक डोळा वळवतात आणि लगेच फिरवून घेतात. त्यांना किडा दिसलेला असतो, पण नको असतो. हे सर्वात जास्त आढळतं आणि सहसा सर्वात सोपं निघतं.

काही नेम धरतात. दोन्ही डोळे पुढे येतात, तोंड किंचित उघडतं, जिभेचं गुलाबी टोक दिसतं आणि तिथेच सगळं अडतं. किंवा जीभ सुटते आणि किड्याच्या अलीकडेच पडते. याला भूक आहे, जमत मात्र नाही. याची गोष्ट वेगळी, ती खाली येईल.

काही किडा पकडतात, एकदा चावतात आणि टाकून देतात. म्हणजे तोंडात काहीतरी दुखतंय.

काहींना एकच ठरावीक किडा हवा असतो, बाकी सगळ्यांकडे पाठ.

आणि काही बघतच नाहीत. भर दिवसा, दिवे चालू असताना डोळे मिटून बसलेले असतात.

हा शेवटचा प्रकार दिसला तर पुढचं वाचत बसू नका. निरोगी कॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. तसंच, डोळे खोल गेलेत, फांदी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी पडलाय, पकड सैल झालीय, नाक वर करून तोंड उघडून श्वास घेतोय, तोंडाशी चिकट फेस येतोय, पाय कोपरातून वाकडे दिसताहेत, जबड्याच्या कडेला सूज किंवा पिवळट थर आलाय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरकडे जा. घरचे उपाय तिथे संपले.

खरंच बिघाड आहे का?

अर्ध्या तक्रारी या पायरीवरच मिटतात, आणि खर्च फक्त स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्याचा.

पिल्लू असताना हा प्राणी दिवसातून दोन-तीनदा, दिसेल ते खातो. आठ-दहा महिन्यांचा झाला की वाढ मंदावते आणि भूक एकदम खाली येते. काल दहा रातकिडे फस्त करणारा आज दोन खाऊन तोंड फिरवतो आणि घरचे घाबरतात. मोठ्या नराला एका आड एक दिवस चार-पाच किडे पुरतात. रोज वाटीभर किडे देत असाल तर तो उपाशी नाही, त्याचं पोट भरलेलं आहे.

कात टाकायच्या वेळी एक-दोन दिवस खात नाही, ते सोडून द्या. नवीन घरी आणल्यावर आठवडा-दोन आठवडे कमी खातो, तेही चालतं, पाणी पीत असेल तर.

पण "कमी खातो" हे डोळ्यांनी ठरवू नका, वजनाने ठरवा. काट्यावर एक आडवी काठी बसवलेला डबा ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि त्याला काठीवर चढू द्या. मी दर रविवारी सकाळी, खाणं देण्याआधी वजन घेतो आणि कॅलेंडरवरच लिहितो. मोठा नर आठवडाभर खात नसेल पण वजन दोन-तीन ग्रॅमच्या आत स्थिर असेल, तर खालच्या पायऱ्या शांतपणे करायला वेळ आहे. वजन दहा टक्क्यांनी उतरलं असेल, तर तो वेळ संपला. १५० ग्रॅमचा नर १३५ वर आला म्हणजे फोन उचलायचा. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला इतकीही सवड नसते. एक पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन.

मादी असेल तर इथेच थांबून हे वाचा

क्रमाने ही पायरी नंतर यायला हवी. पण माझ्या हातून एक चूक झाली, म्हणून मी ती वर आणलीय.

२०१६ मध्ये माझ्याकडे दुसरा कॅमेलिऑन आला. विकणाऱ्याने नर म्हणून दिला, मीही टाचा बघितल्या नाहीत. व्हेल्ड नराच्या मागच्या पायाच्या टाचेवर अंड्यातून बाहेर आल्यापासूनच एक छोटा टोकदार उंचवटा असतो, मादीला तो नसतो. एवढं बघायला अर्धा मिनिट लागतो. सात महिन्यांनी तिने खाणं सोडलं. मी रेशमाच्या अळ्या आणल्या, हॉर्नवर्म (शेपटाशी शिंग असलेल्या जाड हिरव्या अळ्या) आणले, रोज काहीतरी नवं. ती दिवसभर पिंजऱ्याच्या तळाशी उतरायची, कोपऱ्यात नखांनी खरवडायची, परत वर जायची, परत उतरायची. मला वाटलं तिला बाहेर यायचंय. बाराव्या दिवशी डॉक्टरांनी एक्स-रे काढला तेव्हा पोटभर गोल गोल अंडी दिसली. शस्त्रक्रिया झाली, पण ती खूप थकली होती. दुसऱ्या रात्री गेली. तिच्या नखांचे जाळीवरचे ओरखडे मी अजून पुसलेले नाहीत.

व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी धरते. सहसा सहा महिन्यांच्या आसपास सुरुवात होते. एका वेळी वीस ते साठ, कधी त्याहून जास्त. पोटात जागाच उरत नाही म्हणून ती खाणं सोडते, आणि पुरेशी खोल ओली माती मिळाली नाही तर अंडी अडवून धरते. अडलेली अंडी जीव घेतात.

म्हणून मादी पाच महिन्यांची झाली की पिंजऱ्यात एक मोठा अपारदर्शक डबा कायमचा ठेवा. त्यात निदान तीस सेंटिमीटर खोल, धुतलेली खेळाची वाळू. ओली किती? बोट खुपसून बोगदा केला तर तो ढासळता कामा नये आणि तळाशी पाणीही साचता कामा नये. ती खणायला लागली की पिंजऱ्यावर चादर टाका आणि दिवसभर तिच्याकडे अजिबात बघू नका. कोणी बघतंय असं वाटलं की ती खड्डा अर्धवट सोडते, आणि मग पुन्हा सुरुवात करायला दिवस जातात. खणून बाहेर आली, अंग आकसलेलं दिसलं, तहानलेली आहे, म्हणजे झालं. पाणी द्या, खायला द्या.

खाणं बंद, पोट जड, अस्वस्थ येरझाऱ्या आणि दोन दिवस डबा देऊनही अंडी नाहीत, किंवा खणता खणता मलूल झाली, तर एक्स-रे लागतो. आणखी एक दिवस थांबू नका.

पैसे न लागणारी तपासणी: त्याला काय दिसतं?

पिंजऱ्याजवळ जाऊन त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर वाका आणि तो बघतो तिकडे बघा. टीव्ही दिसतो? कुत्रा? घरातली सगळी माणसं वरून ये-जा करताना दिसतात? शेजारच्या काचेत त्याचंच प्रतिबिंब दिसतं?

कॅमेलिऑनचे दोन्ही डोळे स्वतंत्र फिरतात. त्याच्या चहूबाजूंचं बहुतेक सगळं त्याला सतत दिसत असतं. पळून जाणं हा त्याचा बचाव नाही, न दिसणं हा आहे. लपायला पानंच नसली तर त्याच्या दृष्टीने तो चोवीस तास शत्रूसमोर बसलाय, आणि शत्रूसमोर कोणी जेवत नाही. दुसरा कॅमेलिऑन समोर दिसत असेल तर तोही शत्रूच, मग नर असो वा मादी. त्यांना "सोबत" लागत नाही.

एका वहिनींकडे पिंजरा जमिनीवर ठेवला होता, मुलांना दिसावा म्हणून. आम्ही तो कपाटावर चढवला, वरची फांदी माणसाच्या डोक्याच्या वर गेली. दोन कुंड्या मनी प्लांट आणि एक जास्वंद आत घातली. चौथ्या दिवशी वहिनींचा मेसेज आला: पानाआडून जीभ आली आणि रातकिडा गायब. पिंजरा उंच ठेवा, तीन बाजू झाका, अर्धा भाग तरी हिरवा असू द्या. आणि हातात घेणं पंधरा दिवस पूर्ण बंद.

पाणी

आमच्याकडच्या हिवाळ्यात सर्वात मोठा गुन्हेगार हाच. फर्नेस चालू झाली की घरातला ओलावा २० टक्क्यांवर येतो. माणसांचे ओठ फुटतात, आणि जाळीच्या पिंजऱ्यातला प्राणी रोज थोडा थोडा वाळतो. शरीरात पाणी कमी असलं की खाल्लेलं पुढे सरकत नाही, म्हणून तो खाणंच टाळतो.

तपासायला त्याची शी बघा. तपकिरी भागासोबत एक घट्ट पांढरा भाग असतो, त्याला युरेट म्हणतात. तो पांढराशुभ्र असेल तर पाणी ठीक आहे. पिवळा असेल तर कमी पडतंय. नारिंगी आणि खडूसारखा कोरडा असेल तर बरेच दिवस कमी पडत आलंय. टोकाला पिवळसर छटा असेल तर लगेच घाबरू नका, संपूर्ण तुकड्याचा रंग बघा.

वाटीत पाणी ठेवून उपयोग नाही. साचलेलं पाणी त्याला पाणी म्हणून ओळखू येत नाही, पानावरून हलणारा, चमकणारा थेंब येतो. महागडी फवाऱ्याची यंत्रं मिळतात, चांगली असतात. पण आज रात्रीसाठी श्रीखंडाचा रिकामा डबा पुरे. तळाला सुईने एक भोक पाडा, पिंजऱ्याच्या छतावर ठेवा, थेंब जास्वंदीच्या पानावर पडेल असं बघा. दोन सेकंदांना एक थेंब, वीस मिनिटं. तहानलेला कॅमेलिऑन आधी पाच-दहा मिनिटं नुसता बघतो. मग हळूच पुढे येतो, तोंडाची कड थेंबाखाली धरतो, गळा खालीवर होऊ लागतो, डोळे आत-बाहेर होतात. एकदा सुरू झाला की थांबत नाही. त्या वेळी खोलीतून बाहेर पडा. काही जण कोणी बघत असताना पीतच नाहीत.

फवारा दिवे लागायच्या आधी पहाटे दोन मिनिटं आणि दिवे गेल्यावर रात्री. दुपारी दिव्याखाली पिंजरा चिंब ठेवू नका. गरम, ओली, कोंडलेली हवा फुप्फुसांना बाधते. दिवसा ओलावा ३० ते ५० टक्के असला तरी चालतो, रात्री मात्र ८० च्या वर जाऊ द्या, त्यांच्या मूळ मुलखातही रात्री धुक्याचा ओलावा असतो. खोली फारच कोरडी असेल तर पिंजऱ्याच्या दोन बाजूंना हिवाळ्यापुरतं प्लास्टिक लावा.

कोमट पाण्यात बसवण्याचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळतो. तो झाडावरचा प्राणी आहे, पाण्यात बसवलं की घाबरून काळा पडतो. मी करत नाही, कोणाला करू देत नाही.

उष्णता

छताला चिकटवलेला तापमानाचा गोल काटा फेकून द्या. तो त्याच्या पाठीवरचं तापमान सांगतच नाही. तारेच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि सेन्सर नेमका त्या फांदीवर, त्याच्या पाठीच्या उंचीवर बांधा.

मोठ्या नराला ऊन खायच्या जागी ८५ ते ९० फॅरनहाइट, म्हणजे २९ ते ३२ सेल्सिअस हवं. मादीला आणि पिल्लाला ८० फॅरनहाइट, २७ सेल्सिअसच्या आसपास. यापेक्षा कमी असेल तर पोटातलं पचत नाही, त्यामुळे पुढचा किडा नको होतो. जास्त असेल तर तो दिवसभर खालच्या सावलीत लपतो आणि किडे वर फिरत राहतात. तुरा दिव्याला टेकेल इतकी फांदी वर असेल तर तुरा भाजतो, हेही पाहिलंय.

रात्री तापवू नका. घर १८ सेल्सिअसवर आलं तरी त्याला बरं वाटतं, झोप चांगली लागते. लाल "रात्रीचा बल्ब" पिंजऱ्यावर दिसला की मी पहिल्यांदा तो काढतो. तो उजेड त्याला दिसतो, झोप मोडते, आणि सकाळी आळसावलेला प्राणी खात नाही. बारा तास दिवस, बारा तास पूर्ण काळोख, स्वस्तातला टायमर लावून.

आता किडे

इथवर सगळं ठीक निघालं, तरच किड्यांकडे वळा.

किड्याची रुंदी त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराएवढी, त्याहून जास्त नको. वेळ सकाळची, दिवे लागून तास-दीड तास झाल्यावर, अंग तापलेलं असताना. संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर खायला देणारे बरेच जण "खात नाही" म्हणतात, कारण त्याचा दिवस तोवर मावळायला आलेला असतो.

एकाच प्रकारच्या किड्याला तो खरंच कंटाळतो. रातकिडे, डुबिया झुरळं, रेशमाच्या अळ्या, हॉर्नवर्म असे आलटूनपालटून द्या. रुसलेल्या नरासमोर माझा हुकमी एक्का म्हणजे निळी माशी. कोष विकत मिळतात, ते पिंजऱ्यात कपात ठेवायचे, माश्या आपोआप निघून उडतात. चालणाऱ्या किड्याकडे न बघणारा प्राणी उडणाऱ्या माशीवर जीभ सोडतो. सुपरवर्म आणि वॅक्सवर्म या चरबीदार अळ्या मात्र मुलांच्या चॉकलेटसारख्या. रोज दिल्या की बाकी सगळं नकोसं होतं. अशी सवय लागलेल्या, वजन चांगलं असलेल्या मोठ्या नराला तीन-चार दिवस काहीही देऊ नका, फक्त पाणी चालू ठेवा, मग हिरवा हॉर्नवर्म फांदीवर ठेवा. पिल्लावर आणि आजारी प्राण्यावर हा उपाय करायचा नाही.

किड्यांना आदल्या दिवसापासून चांगलं खाऊ घाला: गाजर, शेवग्याची पानं, भोपळा, सरसोंची पानं. उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. आणि रात्री एकही रातकिडा पिंजऱ्यात सोडू नका. झोपलेल्या कॅमेलिऑनला ते चावतात, आणि चावा खाल्लेला प्राणी मग रातकिड्याला घाबरतो.

अंगणातले किडे देऊ नका. लॉनवर काय फवारलंय ते शेजाऱ्यालाही आठवत नाही. टोमॅटोच्या झाडावरच्या जंगली हॉर्नवर्ममध्ये त्या झाडाचं विष असतं. आणि इलिनॉयच्या उन्हाळ्यात मुलं हौसेने काजवे पकडतात, तेव्हा पिंजऱ्यावर लक्ष ठेवा. काजव्यातलं विष सरड्यांच्या हृदयावर चालतं, एक काजवासुद्धा जीव घेऊ शकतो.

नेम चुकतो, जीभ अर्ध्यावर पडते

ही तक्रार घेऊन आलेल्याला मी एकच प्रश्न विचारतो: दिवा कधी घेतला?

कॅमेलिऑनची जीभ ताणून सोडलेल्या रबरासारखी सुटते, आतल्या लवचीक तंतूंच्या जोरावर. म्हणून सकाळच्या गारठ्यातही ती जवळपास पूर्ण वेगाने बाहेर पडते, मंद होतं ते तिला आत ओढणं. त्यामुळे जीभ बाहेरच पडेनाशी झाली, तर थंडीला दोष देऊन थांबू नका. स्नायूंना कॅल्शियम कमी पडत असण्याची शक्यता मोठी. जिभेचे आणि आतड्यांचे स्नायू कॅल्शियमवर चालतात. कॅल्शियम अंगी लागायला डी३ जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीत तयार व्हायला यूव्हीबी किरण, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, लागतात.

दुकानात पिंजऱ्यासोबत मिळणारा पिळदार छोटा बल्ब यासाठी पुरत नाही. मीही पहिल्या वर्षी तोच लावला होता, दुकानदाराने "सगळं आलं यात" असं सांगितलं म्हणून. लांब टी५ ट्यूब लागते, पाच किंवा सहा टक्के यूव्हीबीची, ऊन खायच्या फांदीपासून वीस-पंचवीस सेंटिमीटरवर. ट्यूब दिसायला लख्ख पेटलेली असते, पण यूव्हीबी महिन्यामहिन्याने उतरत जातो, आणि आपल्या डोळ्यांना ते कळायला मार्ग नाही. मी ट्यूबवर मार्करने तारीख लिहितो आणि वर्ष झालं की बदलतो. ट्यूब आणि पिंजरा यांच्यामध्ये काच किंवा प्लास्टिक असेल तर काढा. खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही याच कारणाने निरुपयोगी.

पावडरचं वेळापत्रक साधं ठेवा. दर वेळी किड्यांना डी३ नसलेलं साधं कॅल्शियम, हलकंसं, अनारसे खसखशीत घोळल्यासारखं जाड नको. महिन्यातून दोनदा डी३ आणि इतर जीवनसत्त्वं असलेली पावडर. "अशक्त झालाय" म्हणून रोज जीवनसत्त्वं दिली की गळ्याशी पाण्याची सूज येते, ते मी दोनदा पाहिलंय.

जीभ अडखळत असेल तर दिवा आणि पावडर आजच दुरुस्त करा, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांनाही दाखवा. हाडं मऊ झाली असतील तर नुसता दिवा बदलून भागत नाही. तोवर किडा कपात घालून अगदी तोंडाजवळ धरा, म्हणजे जीभ न सोडताही तो पकडू शकेल.

इथे हात काढून घ्या

वरचं सगळं नीट करून मोठा प्राणी दहा दिवस खात नसेल, तर कारण आत आहे: जंत, तोंडाचा संसर्ग, मूत्रपिंडं, अडकलेलं काहीतरी. ते बाहेरून दिसत नाही. जंताचं औषध अंदाजाने देऊ नका, मात्रा ग्रॅममध्ये मोजायची असते. जबडा जबरदस्तीने उघडून घास भरवू नका. अन्न श्वासनलिकेत जातं, जबडा मोडतो, आणि पाणी कमी असलेल्या शरीरात भरवलेलं अन्न नुसतं सडतं. माणसांचे अ जीवनसत्त्वाचे थेंब डोळ्यांत किंवा तोंडात टाकू नका.

कुत्र्या-मांजरांचा चांगला डॉक्टर या प्राण्यासाठी चांगला असेलच असं नाही. अमेरिकेत ARAV या सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या डॉक्टरांच्या संस्थेच्या यादीत जवळचा डॉक्टर शोधा, आणि शक्यतो प्राणी ठणठणीत असतानाच शोधून ठेवा. शनिवारी रात्री यादी चाळायची वेळ येऊ देऊ नका.

जाताना ताजी शी ओल्या टिश्यूत गुंडाळून बंद पिशवीत न्या. लगेच निघणं जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, गोठवू नका. जंतांची तपासणी त्यावरच होते आणि एक्स-रेपेक्षा ती बरीच स्वस्त पडते. सोबत वजनांची नोंद, पिंजऱ्याचे समोरून आणि वरून काढलेले फोटो, ट्यूब घेतल्याची तारीख आणि पावडरच्या डब्यांच्या लेबलांचे फोटो. डॉक्टर पहिल्या पाच मिनिटांत हेच विचारतात.

कपडे धुवायची छोटी बास्केट घ्या, आत आडवी काठी घट्ट बसवा, वर टॉवेल टाका. जानेवारीत गाडी आधी दहा मिनिटं तापवा, मगच त्याला दाराबाहेर काढा. घरी परत आणलं की पहिल्या दिवशी फक्त पाणी, काळोख आणि शांतता. दुसऱ्या दिवशी सकाळी अंग तापल्यावर एकच किडा दाखवा, घेतला नाही तर काढून घ्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा दाखवा. डॉक्टरांनी दिलेलं औषध संपेपर्यंत वजन रविवारची वाट न बघता एका आड एक दिवस घ्या.